मढला बोंबलांची जागा आखताना

आमच्या वर्गातल्या बाकीच्या जोड्यांना नद्या मिळाल्या, किल्ले मिळाले, एका जोडीला तर उदयपूरचं तळं मिळालं. मला आणि सुजाताला बोंबील मिळाले.

हे जरा समजावून सांगायला हवं. मी पुण्यात लँडस्केप आर्किटेक्चरचं पदव्युत्तर शिक्षण घेते. सोलापूरच्या माझ्या आत्याला अजून वाटतं की मी बागकाम शिकते आणि पुढं लोकांच्या बंगल्यात गुलाब लावून पोट भरणार. खरं तर इमारत सोडून जे काही उरतं ते आमचं. शेवटच्या सत्रात प्रत्येक जोडीला एक जागा देतात. ती मोजायची, तिथल्या माणसांशी बोलायचं, तिथं काय व्हावं ते कागदावर उतरवायचं, त्याचं छोटं मॉडेल करायचं आणि परीक्षकांपुढं उभं राहायचं. आमची जागा होती मुंबईतल्या मढच्या कोळीवाड्यातलं मासळी सुकवायचं मैदान.

मॅडमनी जागा देताना माझ्याकडं बघून एवढंच म्हटलं होतं, "वैजू, तुझी ड्रॉइंग सुरेख असतात. पण त्यात कोणी राहत असेल असं वाटत नाही. या वेळी माणसं दिसू देत."

पावसाळा संपता संपता आम्ही एकदा जाऊन मापं घेऊन आलो होतो. तेव्हा टेप धरलेल्या माझ्याकडं बघत तिथल्या नर्मदामावशी म्हणाल्या होत्या, "घ्या मापं. दर वर्षी कोण ना कोण घेऊन जातं. जागा काय वाढत नाय." या मावशी मैदानावर मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या पुढारी. आता दिवाळी उलटल्यावर आम्ही मॉडेल घेऊन निघालो होतो, ते त्यांना आणि बाकीच्या बायकांना दाखवायला. त्यांचं म्हणणं घेतल्याशिवाय परीक्षेला उभं राहू देणार नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

दिंडोशी

मुक्काम सुजाताच्या घरी होता. दिंडोशीच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून टेकडी दिसते असं घर. तिचे आजोबा जालन्याकडून आले आणि इथलेच झाले. वडील विमा कंपनीत आहेत, आई कोर्टात टायपिस्ट. काकूंनी इतकी वर्षं उलटतपासण्या टाइप केल्यात की त्यांच्या साध्या गप्पाही त्याच वळणावर जातात.

"सोलापूरची ना तू?"

"हो."

"मटण खातेस?"

"हो."

"मग मासा खात नाहीस हे कसं?"

"काट्यांची भीती वाटते, काकू."

"म्हणजे खाऊन बघितलेला नाहीस." एवढं बोलून त्यांनी मुद्दा निकालात काढला आणि सुक्या बोंबलाची चटणी माझ्यापुढं सरकवली.

आमच्याकडं पाहुण्यानं तीन वेळा नको म्हणायचं असतं आणि चौथ्या आग्रहाला घ्यायचं असतं. मी सवयीनं पहिल्यांदा नको म्हटलं आणि वाटी खरोखरच परत गेली. मुंबईत माणसाच्या शब्दाला किंमत आहे हे मला असं उपाशीपोटी कळलं. पुढच्या वेळी भाकरी विचारल्याबरोबर मी हो म्हणाले, इतक्या घाईनं की सुजाताचे बाबा हसले.

मॉडेल आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावरच पूर्ण केलं. भांडी घासायच्या हिरव्या घासण्या कातरून त्याची तिवरं, म्हणजे खाडीकाठची खारफुटीची झाडं. दात कोरायच्या काड्या उभ्या करून त्यांना दोरा बांधला की बोंबील टांगायचे मांडव. बोंबील म्हणून आम्ही पांढऱ्या कागदाचे तुकडे लटकवले होते. मांडवांच्या सरळ रांगा, मध्ये एकसारख्या रुंदीच्या वाटा, एका टोकाला बसायचा कट्टा. काकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. कोणाचं लग्न आहे?"

वर्सोवा ते मढ

मेट्रोच्या सुरक्षा तपासणीत ताईंनी खोक्याकडं बोट केलं. "इसमें क्या है?"

"गाव," सुजाता म्हणाली.

मी घाईनं झाकण उघडलं. ताईंनी वाकून पाहिलं, कागदी बोंबलाला बोट लावलं आणि मराठीवर येत म्हणाल्या, "मशीनमधून नको घालू. पडेल सगळं. तसंच ने." आमच्या कामाला मिळालेली ही पहिली दाद.

वर्सोव्याच्या धक्क्यावरून खाडी ओलांडायला बोट लागते. रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या बायका, तीन मोटारसायकली, एक फ्रिज आणि आमचं खोकं असे सगळे एकाच बोटीत. उजनीच्या पाण्यात मी बोटीत बसले होते, पण तिथं पाणी आपल्या जागी असतं. इथं ते एका बाजूनं भरत येत होतं आणि बोटवाला त्याच्याशी तिरका भांडत चालला होता. मध्यावर वारा आला, खोक्याचं झाकण उडालं आणि आमची निम्मी तिवरं हवेत उठली. एक हिरवा पुंजका एका बाईच्या टोपलीत पडला. बाकीचा थेट खाडीत.

"काय गो उडालं?" बाईनं विचारलं.

"झाडं," मी म्हणाले.

तिनं किनाऱ्यावरच्या खऱ्या तिवरांकडं पाहिलं, मग टोपलीतल्या घासणीकडं. "ही ठेवून घेतंय. भांडी घासायला व्हईल."

मैदान

मढला एका अंगाला कोळीवाडा आणि दुसऱ्या अंगाला मोठमोठे बंगले. बंगल्यांचे मालक तिथं राहत नाहीत, मालिका राहतात. कुठल्या बंगल्यात सासूबाई रडत असतात, तर शेजारच्यात कोणी पोलीस इन्स्पेक्टर पुन्हा पुन्हा एकाच जिन्यावरून उतरत असतो. आमच्या मैदानाला लागूनच असा एक पांढरा बंगला होता.

मैदानात पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबले. मापं घेतली होती तेव्हा ते रिकामं होतं, गाड्यांचं नुसतं मावशींकडून ऐकलं होतं. आता निम्म्यावर बांबूचे मांडव होते, त्यावर बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून लटकत होते आणि उरलेल्या निम्म्यावर गाड्या होत्या. जनरेटरची गाडी, कपड्यांची गाडी आणि नटांच्या तीन लांबलचक एसी व्हॅन.

नर्मदामावशी मांडवाखाली बसून बोंबील निवडत होत्या. पन्नाशी उलटलेली, अंगानं भरलेली बाई, कानात सोन्याचे मोठाले वेल. अंधेरीच्या बाजारात त्यांची जागा आहे आणि आवाज त्या जागेला शोभेलसा आहे.

"दोन वर्षं अशीच चालली," त्या गाड्यांकडं मान उडवत म्हणाल्या. "सांगतंय गाड्या रस्त्यावर लावा. तर म्हणतात जागा नाय. व्हॅनमधनं पाणी गळतं, धूर येतो, माझ्या बोंबलांना डिझेलचा वास. गिऱ्हाईक मला इचारतं, मावशी, हे मासे पेट्रोल पंपावर पकडलंव काय?"

आमच्या आराखड्यात यावर उपाय होता. बंगल्याच्या मागं एक रिकामं आवार होतं. बंगल्याचंच, पण गवत माजलेलं. गाड्या तिकडं न्यायच्या आणि सगळं मैदान बायकांना मोकळं करून द्यायचं. आम्ही खोक्याचं झाकण उघडायला गेलो तर मावशींनी हात वर केला.

"आता नको. आता मला येळ नाय नि बाकीच्या बाजारात हायत. उद्या चार वाजता देवळात बसवते सगळ्यांना. मग दाखव तुझा खेळ."

खेळ म्हटल्याचं मला लागलं.

प्रश्न होता खोकं ठेवायचं कुठं. उन्हानं गोंद सुटायला लागला होता, मांडव माना टाकत होते. आम्ही बंगल्याच्या भिंतीच्या सावलीत बसलो, तेवढ्यात फाटकातून एक माणूस बाहेर आला. कमरेला चिकटपट्ट्यांची रिळं, कानावर पेन्सिल. त्यानं खोक्यात पाहिलं आणि देव दिसल्यासारखा थांबला.

"ह्यां खंय मिळालां तुमका?"

हे सावंत. मूळचे कणकवलीचे, मालिकेच्या कलाविभागात पंधराएक वर्षं काढलेले. त्यांची अडचण साधी होती. मालिकेचा नायक गेल्या आठवड्यापर्यंत बँकेत होता. पण नायिकेला झाडं आवडतात असं लेखकांना अचानक आठवलं आणि त्यांनी त्याला रातोरात लँडस्केप आर्किटेक्ट करून टाकलं. आता उद्या सकाळच्या दृश्यात त्याच्यापुढं त्याच्या स्वप्नातल्या प्रकल्पाचं मॉडेल हवं होतं, आणि सावंतांकडं होती फक्त एक प्लास्टिकची कुंडी.

"सकाळचा एक सीन. दुपारी जेवच्या आधी परत. रातभर एसीत ऱ्हवात," सावंत म्हणाले.

मी नाही म्हणाले. सुजातानं मला बाजूला ओढलं. "यार, इथं उन्हात ठेवलं तर उद्यापर्यंत नुसता पुठ्ठा राहील. आणि आपलं डिझाइन टीव्हीवर येईल. झकास ना?"

खरं सांगायचं तर टीव्हीचं ऐकून माझंही मन चळलं. आत्याचा गुलाबांचा गैरसमज एका भागात दूर झाला असता. आम्ही खोकं सावंतांच्या हातात दिलं.

बंगला

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला कॅमेऱ्यामागं खुर्च्या मिळाल्या. दिवाणखान्याच्या मधोमध आमचं मैदान. दिव्यांच्या उजेडात कागदी बोंबील असे काही चमकत होते की मला स्वतःचाच हेवा वाटला. नायक आला. उंच, गोरा, पांढरे बूट. मॉडेलवर हात फिरवत म्हणाला, "ही नुसती झाडं नाहीत, आई. हा माझा श्वास आहे." आई म्हणून उभ्या असलेल्या बाईंनी डोळे पुसले. सुजातानं माझ्या कोपराला चिमटा काढला, कारण मी जवळजवळ हसले होते.

मोठ्या खिडकीबाहेर, कुंपणाच्या भिंतीपलीकडं कोळीवाड्यातल्या बायका उभ्या होत्या. शूटिंग बघणं हा त्यांचा रोजचा विरंगुळा. बघतात आणि मोठ्यानं सल्ले देतात. त्यात मला नर्मदामावशींचे कानातले दिसले. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. त्या माझ्याकडं नाही, मॉडेलकडं बघत होत्या.

मग दारातून नायकाची वहिनी आली. हिरवी साडी, रागावलेला चेहरा. "तुझा श्वास?" असं विचारून तिनं टेबलाशी येऊन आमचं मॉडेल दोन्ही हातांनी उचललं आणि जमिनीवर आपटलं.

मी उठून उभी राहिले. कोणी माझ्याकडं पाहिलं नाही. दिग्दर्शक म्हणाले, "कट. छान. पण मागून हवंय. अजून एकदा घेऊ."

सावंत पुढं धावले. "सर, दुसरां नाय ह्यां."

"नाही म्हणजे?"

"एकच होतां. त्या पोरींचां."

मॉडेल मोडायचं हे संवादांच्या पानावर त्या सकाळीच लिहिलं गेलं होतं आणि सावंतांना कोणी सांगितलं नव्हतं. दिग्दर्शक सभ्य माणूस होते. त्यांनी आमची माफी मागितली आणि त्याच दमात विचारलं, "उद्यापर्यंत दुसरं होईल का? उद्या हे संपवलं नाही तर पुढचं सगळं अडतं."

मी तुकडे गोळा केले. फाटकाबाहेर मावशी उभ्या होत्या.

"आमची जागा तेंच्या घरात काय करत होती?" त्यांनी विचारलं.

"मावशी, ते फक्त उन्हापासून—"

"आमाला चार वाजता दाखवणार होतीस. तेंना सकाळीच दाखवलीस. तेंच्या गाड्या आमच्या बोंबलांवर नि तुमी तेंच्या खुर्चीवर." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या. "आज कोण देवळात येणार नाय."

त्या गेल्या. माझ्या हातात मोडलेला कट्टा होता. परीक्षा तोंडावर होती, मॉडेल नव्हतं आणि ज्या माणसांचं म्हणणं घ्यायला आलो त्यांना आमच्याशी बोलायचं नव्हतं. वाईट याचं वाटलं की मावशींचं चूक नव्हतं.

"वाट लागली," सुजाता म्हणाली. एरवी हे ती बस चुकल्यावरही म्हणते. या वेळी बस चुकली नव्हती.

नर्मदामावशींचं अंगण

दुपारभर आम्ही धक्क्यावर बसून राहिलो. शेवटी सुजाता उठली. "चल. शिव्या खाऊ, पण जाऊन खाऊ."

मावशींनी आम्हाला दारात उभं ठेवलं. सुजातानं आडवळण घेतलं नाही. आमचं चुकलं म्हणाली, टीव्हीच्या हौसेनं चुकलं म्हणाली. मग ती आईच्या वळणावर जाऊन सगळी हकिकत क्रमानं सांगत गेली. मॉडेल का दिलं, कसं मोडलं, दिग्दर्शक काय म्हणाले, उद्या त्यांना ते पुन्हा का हवंय.

मावशी निर्विकार चेहऱ्यानं ऐकत होत्या. शेवटच्या वाक्याला त्यांची भुवई हलली.

"म्हंजे तुमी केलं नाय तर उद्या तेंचं काम अडणार?"

"हो."

"सगळं?"

"दिग्दर्शक तसंच म्हणाले."

मावशींनी दारातून अंग बाजूला घेतलं. "आत या. जेवलात?"

सोलापूरची रीत मी त्या दाराबाहेरच सोडली आणि सरळ नाही म्हणाले. ताटात तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं लालभडक कालवण आलं. आमची ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते आणि तोडताना तिचा आवाज शेजारी जातो. ही भाकरी इतकी मऊ की हातातच घडी घालून बसली. बोंबलाला काटा असतो, पण तोही मऊ. तो घशात अडकायची वाट बघेपर्यंत मासा पोटात गेला होता. मी दुसरा मागितला. मावशींनी तिसराही वाढला.

जेवताना त्यांनी बेत सांगितला. मॉडेल व्हायचं, पण त्यांच्या अंगणात व्हायचं. आणि आधी गाड्या मैदानातून हलायच्या, मग ते बंगल्यात जायचं. "मी गेल्ये तर तेंचा म्यानेजर ऐकत नाय. उद्या ऐकेल."

हा निरोप घेऊन सुजाता बंगल्यावर गेली आणि होकार घेऊन आली. सकाळी गाड्या मागच्या आवारात जाणार होत्या. अगदी आमच्या आराखड्यात लिहिल्याप्रमाणं.

सावंत अपराधी चेहऱ्यानं पुठ्ठे आणि गोंद घेऊन आले आणि अंगणात मांडी घालून बसले. मागोमाग बायका जमल्या. सुरुवातीला नुसत्या उभ्या होत्या. मी पहिल्यासारखीच सरळ रांग लावायला घेतली तशी एकजण, मालनताई, वाकून म्हणाली, "माझा मांडव कुठला ह्यात?"

मी एका काडीवर बोट ठेवलं.

"येवढासा? आणि हा शेजारचा कोणाचा? हिचा? हिला येवढी जागा कशाला? हिच्याकडं बोट एकच."

शेजारची गप्प बसणारी नव्हती. "बोट एक हाय, पण भरून येते."

मग काड्या माझ्या हातात राहिल्याच नाहीत. मालनताईनं आपला मांडव दोन बोटं पुढं सरकवला. शेजारणीनं तो मागं लोटला. कोणीतरी खराट्याचे हीर आणले, म्हणे तुझ्या काड्या फार नाजूक, असे बांबू असतात काय. कोणी फाटक्या जाळ्याचा दोरा सोडवून दिला. दोघी जावांनी आपले मांडव पाठीला पाठ लावून बसवले, कारण त्यांचं बोलणं बंद होतं. एकीनं कट्टा उचलून थेट वाटेच्या तोंडाशी आणला, तिथून बोटी येताना दिसतात म्हणून. नर्मदामावशींनी मात्र शांतपणे सगळ्यांत मोठा मांडव वाऱ्याच्या बाजूला लावला. त्यावर चर्चा झाली, पण दबक्या आवाजात.

सुजाता भराभर फोटो काढत होती. मी फक्त गोंद लावत होते आणि ऐकत होते. देवळात बसवून प्रश्न विचारले असते तर या बायकांनी "चांगलं हाय" म्हणून आम्हाला वाटेला लावलं असतं. इथं एका बोटभर जागेवरून दोन घरांचा इतिहास बाहेर येत होता. दिवेलागणीला मॉडेल पूर्ण झालं. एकही रांग सरळ नव्हती. सावंत लांबून बघून म्हणाले, "आता गावासारख्या दिसतां."

मागचं आवार

सकाळी मैदान मोकळं होतं. बंगल्यामागं गवतात गाड्या ओळीनं उभ्या होत्या, मी कागदावर काढल्या होत्या तशाच. विद्यार्थीदशेत आपली रेघ प्रत्यक्षात आलेली कोणाला बघायला मिळते? मी वेगवेगळ्या बाजूंनी तिचे फोटो घेतले. बायकांनी मोकळ्या जागेत लगेच चटया टाकून कोळंबी पसरली. मावशींनी मला चहा पाठवला. तासभर मी फार मोठी लँडस्केप आर्किटेक्ट होते.

मग बंगल्याच्या माळ्यानं पोहण्याचा हौद रिकामा करायला घेतला. पुढच्या दृश्यात तो कोरडा हवा होता. हौदाचं पाणी जातं कुठं हे मी कधी विचारलं नव्हतं. ते मागच्या आवारात जातं. माझ्या नकाशावर पाण्याच्या दिशेचे निळे बाण होते आणि ते दुसरीकडं वळत होते. पाण्यानं नकाशा पाहिलेला नव्हता.

आधी गवत चकाकलं. मग जनरेटरवाल्यानं शहाणपणानं आपली गाडी काढली. नायकाची व्हॅन काढायला ड्रायव्हर धावला, तोवर मागची चाकं निम्मी चिखलात गेली होती आणि जसजसा तो जोर लावत होता तसतशी ती आणखी खाली बसत होती. नायक आत मेकअप करत होता. व्हॅन तिरकी झाली तशी त्यानं दार उघडलं, खाली चिखल पाहिला, आपले पांढरे बूट पाहिले आणि दार पुन्हा लावून घेतलं.

"उतरा सर," मॅनेजर म्हणाला.

"नाही," आतून आवाज आला.

मी तोंड लपवायला जागा शोधत होते. मावशी आल्या, पदर खोचला, चाकांभोवती एक फेरी मारली आणि हसायला लागल्या. त्यांच्या मागं सगळ्याच हसल्या. मग त्यांनी कोळीवाड्याकडं तोंड करून हाक मारली. जाळी विणत बसलेले पुरुष उठून आले. बोट किनाऱ्यावर ओढतात तो जाड दोर आला, बोटीखाली घालतात ते लाकडी ओंडके आले. चाकांपुढं ओंडके, व्हॅनला दोर आणि दोराला पुरुष, बायका, सावंत, कॅमेरावाले, सुजाता आणि मी. मावशी बाजूला उभ्या राहून हाक देत होत्या आणि त्या हाकेवर सगळे एकदम ओढत होते. माझ्या मागं हिरव्या साडीतली दुष्ट वहिनी होती. साडी खोचून ती आमच्यापेक्षा जोरात ओढत होती.

व्हॅन बाहेर निघाली ती नायकासकट. दारात उभं राहून त्यानं हात हलवला. "लग्न लागल्यावाणी करतोय," मालनताई म्हणाली.

गाड्या परत मैदानावर आणायच्या का, असं मॅनेजरनं विचारलं. दोर अजून गावाच्या हातात होता. मग मॅनेजरनं गाड्या रस्त्याकडेला लावल्या, फाटकापलीकडं, जिथं जागा नाही असं दोन वर्षं सांगितलं जात होतं. जागा होती. चांगली ऐसपैस होती.

दृश्य दुपारी झालं. मोडायला सावंतांनी आमच्याकडून पहिल्या मॉडेलचे तुकडे घेऊन चिकटपट्टीनं जोडून ठेवले होते, कॅमेऱ्याच्या बाजूनं गाव आणि मागून नुसता पुठ्ठा. बायकांनी केलेलं मॉडेल फक्त नायकाच्या हाताखाली दिसलं आणि धडधाकट परत आलं. भिंतीवरून मावशी लक्ष ठेवून होत्या. वहिनीनं मॉडेलकडं नुसतं पाहिलं तरी त्या खाकरत.

पुणे, आणि पुन्हा मढ

पुण्याला परतल्यावर आम्ही सगळे नकाशे नव्यानं काढले. मागच्या आवारात गाड्यांऐवजी पाणी जिरवणारं पाणथळ गवत आलं. गाड्या रस्त्याकडेला गेल्या. मांडव जसे अंगणात ठरले तसेच राहिले.

परीक्षेला मॉडेलवरचं कापड काढलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्यांनी नाकं मुरडली. जाळ्याच्या दोऱ्याला मढचा वास होता. बाहेरून आलेले परीक्षक अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "या दोन मांडवांमधलं अंतर वेगळं, त्या दोघांमधलं वेगळं. मोजमापाला काही तत्त्व आहे का?"

"शेजारणी सारख्या नाहीत, सर," सुजाता म्हणाली.

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग परीक्षक वाटेच्या तोंडाशी असलेल्या कट्ट्यावर, मागच्या पाण्यावर, जावांच्या पाठमोऱ्या मांडवांवर बराच वेळ प्रश्न विचारत राहिले आणि मला जाणवलं की मला सगळ्याची उत्तरं येत होती. आम्ही पास झालो. चांगल्या गुणांनी.

जानेवारीत आम्ही मोठा नकाशा चौकटीत बसवून मढला घेऊन गेलो. तो प्रत्यक्षात कधी येईल हे मला माहीत नाही आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. बायकांनी तो देवळाच्या ओट्यावर उभा केला. अशा चित्रांत लोक दाखवायला विद्यार्थी इंटरनेटवरून माणसं उचलून चिकटवतात, फुगेवाली परदेशी मुलगी, कुत्रा घेऊन धावणारा गोरा. आम्ही या वेळी अंगणात काढलेल्या फोटोंतल्याच बायका कापून लावल्या होत्या. जी ती वाकून स्वतःला शोधत होती. मालनताईला आपण जाड दिसतो असं वाटलं. जावांनी एकमेकींपासून किती लांब आहोत ते बघून समाधानानं मान हलवली.

नर्मदामावशींनी बोट फिरवत फिरवत एका ठिकाणी थांबवलं, मग दुसऱ्या. मीही वाकून पाहिलं. शेवटच्या रात्री घाईत त्यांचा फोटो आमच्याकडून दोनदा चिकटवला गेला होता, एकदा मांडवाखाली आणि एकदा पार रस्त्याकडेला, गाड्यांपाशी.

"ही पण मीच," त्या म्हणाल्या.

"चुकून झालं, मावशी. मी काढून दुसरा छापून आणते."

"राहू दे." त्यांनी चित्राकडं डोळे बारीक करून पाहिलं. "एक मी बोंबील बघते, एक मी गाड्या. तेवढं तरी बरोबर काढलंस."